रानटर्कीची वसंतांतील शिकार आणि जमीनधारकाचें कर्तव्य

शेतकऱ्याच्या जमिनीवर जें वाढतें त्यांपैकीं पीक व गुरें यांचा हिशेब तो दरसाल मांडतो. परंतु त्याच जमिनीवर आपोआप वाढणारे रानपक्षी त्याच्या हिशेबांत क्वचितच येतात. ते सरकारचे, रानाचे, किंवा फार तर शिकाऱ्याचे. आपला त्यांच्याशीं काय संबंध, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बरोबर नाहीं, आणि तिच्यामुळें पक्षी व शेतकरी या दोघांचेंही नुकसान होतें, असें आमचें मत आहे. या मताच्या पुष्टीसाठीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसूरी या राज्याचें उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तेथें रानटर्की हा पक्षी एकदां जवळजवळ नाहींसा झाला, नंतर लाखोंनीं वाढला, आणि गेल्या वीस वर्षांत पुन्हां घटला. या तिन्ही अवस्थांत कायदा व बंदूक यांची चर्चा पुष्कळ झाली; पण जमीन ज्याच्या ताब्यांत आहे त्यानें ती कशी राखली, या गोष्टीचें महत्त्व शेवटीं त्याहून अधिक ठरलें.

टर्की हा पक्षी आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. आपल्याकडे कोठें कोठें तो पाळतात, व त्याचें 'पेरू' हें दुसरें नांव पोर्तुगीज भाषेंतून आलेलें आहे. इ. स. १६१२ मध्यें मुकर्रबखानानें गोव्याहून जहांगीर बादशहासाठीं जे अपूर्व प्राणी आणिले त्यांत हा पक्षी होता; दरबारचा चित्रकार मन्सूर यानें काढलेलें त्याचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. मात्र पाळीव जात मेक्सिकोंतील रानपक्ष्यापासून निघालेली असून, मिसूरीच्या ओक वृक्षांच्या रानांत राहणारा रानटर्की हा तिचा भाऊबंद होय. पूर्ण वाढलेला नर वजनानें वीस पौंडांच्या आसपास भरतो. मादी सुमारें त्याच्या निम्मी असते. हा पक्षी दिवसां जमिनीवर चरतो व रात्रीं झाडावर बसतो. मादी घरटें करते तें मात्र झाडावर नव्हे, तर जमिनीवर, गवताच्या किंवा झुडपाच्या आडोशास. ती दहाबारा अंडीं घालते व अठ्ठावीस दिवस तीं उबविते. पिलें जन्मतांच चालूं लागतात. परंतु पहिले सुमारें दोन आठवडे त्यांस झाडावर चढून बसण्याइतकें उडतां येत नाहीं, आणि या काळांत त्यांचें मुख्य अन्न किडे हेंच असतें. जमिनीवरचें हें घरटें आणि हे पहिले दोन आठवडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढील बहुतेक विवेचन त्यांवरच उभें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिसूरीच्या दक्षिणेकडील ओझार्क डोंगरांतील जंगलें लांकडासाठीं तोडलीं गेलीं. उरलेल्या रानास वारंवार वणवे लावण्यांत आले, मोकळीं गुरें व डुकरें त्यांत चरूं लागलीं, आणि बाजारांत विकण्यासाठीं पक्षी बेसुमार मारले गेले. सबंध देशाचा विचार केला, तर ज्या ३९ राज्यांत हा पक्षी मूळचा होता त्यांपैकीं १८ राज्यांतून तो १९२० पर्यंत नाहींसा झाला. मिसूरींत १९३७ सालीं त्याची शिकार अजिबात बंद करण्यांत आली. तथापि १९५२ च्या सुमारास साऱ्या राज्यांत अडीच हजारांहूनही कमीच पक्षी असल्याचा अंदाज झाला. पंधरा वर्षांच्या बंदीनें पक्षी वांचले असतील, पण वाढले नाहींत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. निषेध करणें सोपें असतें. वाढ करणें हें निराळें काम आहे.

वाढ करण्याचा एक सोपा मार्ग राज्यानें आधींच चोखाळून पाहिला होता. खुराड्यांत उबविलेले व वाढविलेले टर्की हजारोंच्या संख्येनें रानांत सोडावयाचे, असा तो मार्ग. सुमारें दोन दशकें हा उद्योग चालला, व त्यांतून निष्पन्न कांहींच झालें नाहीं. ए. स्टार्कर लिओपोल्ड या प्राणिशास्त्रज्ञानें मिसूरींतील शुद्ध रानटी व संकरित टर्कींची तुलना करून १९४४ सालीं त्याचें कारण प्रसिद्ध केलें. रानटीपणा हा नुसत्या संवयीचा भाग नसून वंशपरंपरेनें येणारा गुण आहे; पाळीव रक्त मिसळलेल्या पक्ष्यास शत्रूची चाहूल, पिलें लपविण्याची युक्ति व विणीचा योग्य काळ या गोष्टी नीट साधत नाहींत, असा त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. आमच्या वाचकांस हें पटवून देण्यास फार प्रयास नकोत. घार दिसतांच पिलें पंखाखालीं घेणारी गांवठी कोंबडी आणि यंत्रांत उबविलेली कोंबडी यांतील अंतर परसदारांत रोज पाहावयास मिळतें.

तेव्हां दुसरा मार्ग धरण्यांत आला. कार्टर कौंटींतील पेक रँच या राखीव रानांत खरे रानटी पक्षी थोडेबहुत उरले होते. (कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा विभाग.) मक्याचे दाणे टाकून ते एके ठिकाणीं जमवावयाचे, दारूच्या बारानें उडणारें मोठें जाळें त्यांच्यावर टाकावयाचें, आणि पकडलेले पक्षी विनाविलंब नव्या रानांत नेऊन सोडावयाचे, अशी ही पद्धति होती. १९५४ पासून १९७९ पर्यंत सुमारें अडीच हजार पक्षी याप्रमाणें राज्यभर हलविण्यांत आले. स्थळ निवडतांना रान कसें आहें हें पाहात, तसेंच तेथील जमीनधारक पक्ष्यांचें रक्षण करण्यास राजी आहेत किंवा नाहींत हेंही पाहात. १९६० सालीं चौदा कौंट्यांत तीन दिवसांची पहिली वसंत शिकार झाली. तींत अवघे ९४ नर मारले गेले. त्याच राज्याच्या २००४ सालच्या वसंत हंगामांत ६०,७४४ टर्कींची नोंद झाली. १९७६ सालीं मिसूरीनें विस्कॉन्सिन राज्यास रानटर्की दिले व मोबदल्यांत तेथील ग्राऊज नांवाचे रानकोंबडे घेतले. विस्कॉन्सिनमधून जो पक्षी शंभर वर्षांपूर्वीं नष्ट झाला होता त्याची शिकार तेथें १९८३ पासून पुन्हां सुरू झाली. बियाणें शुद्ध असावें आणि जमीन तयार असावी, हा शेतीचा पहिला धडा येथें पक्ष्यांच्या बाबतींतही खरा ठरला.

आतां शिकार वसंतांतच कां, हा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. कारण विणीच्या दिवसांत पशुपक्षी मारूं नयेत, अशीच आपली परंपरागत समजूत आहे. याचें उत्तर असें आहे. टर्कीचा एक नर अनेक माद्यांशीं संग करतो, आणि पिलांच्या संगोपनांत त्याचा कांहींच भाग नसतो. माद्यांचा संग बहुतांशीं उरकून त्या अंडीं घालूं लागल्यावर कांहीं नर कमी झाले, तरी त्या सालच्या पैदाशीस बाध येऊं नये, असें हें गणित आहे. शरदांतील शिकारींत मादीही मारली जाते, म्हणून ती अधिक जोखमीची. मिसूरींतील वसंत हंगाम यामुळेंच एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारीं सुरू होतो व तीन आठवडे चालतो. माणशीं दोनच पक्षी मारतां येतात, तेही नर किंवा छातीवर केंसाळ 'दाढी' असलेलेच, आणि पहिल्या आठवड्यांत एकच. दाढी हें बहुतेक नराचेंच चिन्ह होय. दाणे टाकून पक्षी जमविण्यास मनाई आहे. शिकारी झुंजूमुंजू होण्यापूर्वीं रानांत जाऊन बसतो, लांकडी पेटी किंवा पाटी घांसून मादीचा आवाज काढतो, आणि झाडावरून उतरलेला नर खळाळून साद देत त्या आवाजाकडे येईल याची वाट पाहातो. पाऊस व वारा असेल तर नराची साद ऐकूं येत नाहीं. पालवी लवकर फुटली तर तो दिसत नाहीं. तेव्हां एकाद्या सालीं शिकार कमी झाली म्हणजे पक्षीच कमी झाले, असें लगेच म्हणतां येत नाहीं.

मिसूरींतील शेंकडा नव्वदांहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे. पक्षी कायद्यानें राज्याचे, म्हणजे सर्व लोकांचे असले, तरी ते राहतात, चरतात व अंडीं घालतात तें मुख्यत्वें शेतकऱ्याच्या जमिनीवर. परक्या जमिनींत शिकारीसाठीं पाऊल टाकावयाचें तर मालकाची परवानगी घ्यावी लागते. १९९३ पासून झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचे पट्टे ओढले, तरी प्रवेशबंदीची पाटी लावल्याइतकाच त्याचा कायदेशीर अर्थ होतो. ठराविक क्षेत्राहून अधिक जमीन असलेल्या रहिवाशास स्वतःच्या जमिनीवर शिकारीचा परवाना विनामूल्य मिळतो. सारांश, पक्षी लोकांचे असले तरी किल्ली जमीनधारकाच्या हातीं आहे.

या शतकाच्या आरंभीं मिसूरींत सुमारें सहा लक्ष टर्की असावेत असा अंदाज होता. त्यानंतर उतरती कळा लागली. वसंत हंगामांतील शिकारीचा आंकडा २००४ सालच्या साठ हजारांवरून २०२१ सालीं सुमारें साडेचौतीस हजारांवर आला. त्यानंतर तो कांहींसा वर गेला आहे. याहून बोलका आंकडा दुसरा आहे. दर उन्हाळ्यांत जून ते ऑगस्ट या महिन्यांत शेंकडों लोक आपणांस दिसलेल्या माद्या व पिलें यांची टिपणें राज्याच्या वन्यजीव खात्याकडे पाठवितात, व त्यांवरून दर मादीमागें किती पिलें जगलीं याचें मान काढतात. हें मान दोनच्या आसपास किंवा वर असेल तर पक्षी वाढतात असें समजतात. २०१६ नंतरच्या कित्येक सालीं तें एकाच्या आसपास रेंगाळलें. म्हणजे नर किती मारले जातात यापेक्षां पिलें किती जगतात, येथेंच खरी तूट आहे.

असें असतां चर्चा बहुतेक बंदुकीचीच होते. मिसूरींत अनेक दशकें वसंत शिकार सूर्योदयापूर्वीं अर्ध्या तासापासून दुपारीं एक वाजेपर्यंतच करतां येत असे. २०२४ सालापासून खाजगी जमिनीवर ती सूर्यास्तापर्यंत खुली करण्यांत आली. सार्वजनिक जमिनीवर मात्र एक वाजतांच बंदूक खालीं ठेवावी लागते. बहुतेक नर सकाळींच मारले जात असल्यामुळें या सवलतीनें एकंदर आंकड्यांत फारसा फरक पडणार नाहीं, अशी सवलतीच्या पुरस्कर्त्यांची बाजू. पक्ष्यांस व माद्यांस मिळणारी दुपारची निवांत वेळ गेली, ही विरोधकांची बाजू. इतर राज्यांनीं उलट दिशा धरली. जॉर्जियानें २०२२ सालीं हंगाम उशिरां सुरू करून माणशीं तीनऐवजीं दोनच नर मारण्याची मर्यादा घातली. टेनेसीनें २०२३ सालीं सबंध राज्यांत हंगाम दोन आठवडे पुढें ढकलला. आणि कॅन्सासनें त्याच सालापासून शरदांतील शिकार बंद ठेवली.

यांपैकीं टेनेसीचा अनुभव विशेष उद्बोधक आहे. तेथील दक्षिणेकडील कांहीं कौंट्यांत २०२१ पासूनच हंगाम दोन आठवडे उशिरानें उघडून, माद्यांच्या अंगावर लहान यंत्रें बांधून, शेजारच्या कौंट्यांशीं ताडून पाहण्यांत आलें. अशा विलंबानें घरटीं अधिक यशस्वी झालीं किंवा पिलें अधिक जगलीं, असें आढळलें नाहीं. याचा अर्थ शिकारीच्या मर्यादा निरुपयोगी आहेत असा आम्ही करीत नाहीं. पक्षी घटत असतां हात आंखडता घेणें हें केव्हांही शहाणपणाचेंच. परंतु पंचांगांतील तारखा पुढेंमागें सरकवून पिलें वाढतील, ही आशा फोल आहे, इतकें यावरून निश्चित दिसतें.

मग पिलें कां जगत नाहींत? याचीं कारणें अनेक आहेत, आणि त्यांतील बरींच शेताच्या बांधाआंतलीं आहेत. पहिलें कारण कुरण. मिसूरींतील गायरानें व वैरणीचीं शेतें बहुतांशीं टॉल फेस्क्यू या बाहेरून आणलेल्या गवतानें व्यापलेलीं आहेत. हें गवत चिवट, गुरांच्या पायाखालीं टिकणारें व लवकर वाढणारें असल्यानें शेतकऱ्यानें तें आनंदानें लाविलें, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. पण तें जमिनीशीं इतकें दाट विणलें जातें कीं, मुठीएवढ्या पिलास त्यांतून चालतां येत नाहीं, व दंवानें भिजलेलें पिलूं गारठून मरतें. मूळचीं देशी गवतें ठोंबाठोंबांनीं वाढतात. दोन ठोंबांमध्यें मोकळी जमीन राहते, वर सांवली राहते, आणि किड्यांची चंगळ असते. पिलांस हवें असतें तें हेंच.

दुसरें कारण वैरणीची कापणी. मिसूरींत बहुतेक माद्या मेच्या पूर्वार्धांत अंड्यांवर बसतात, आणि पिलें मेअखेर ते जूनमध्यें बाहेर पडतात. फेस्क्यूची पहिली कापणीही नेमकी मे-जूनमध्येंच येते. बैलांच्या किंवा घोड्यांच्या यंत्रापुढून मादी उठून जाऊं शके. हल्लींचीं रुंद व वेगवान कापणीयंत्रें शेताच्या कडेपासून आंत आंत फिरत जातात, आणि मादी अंडीं न सोडतां शेवटपर्यंत दबून बसते. अंडीं जातात, आणि पुष्कळदां मादीही जाते. एक नर मारला तर एक पक्षी कमी होतो. अंड्यांवरची मादी कापली गेली तर पुढच्या अनेक वर्षांचें बियाणें बुडतें.

तिसरें कारण शत्रु. रॅकून, स्कंक व ओपॉसम हे निशाचर प्राणी आणि साप हे अंडीं खातात. कातड्यांच्या किंमती १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कोसळल्यापासून रॅकून धरणाऱ्यांचा धंदा बसला व रॅकून माजले. पण रान तुकड्यातुकड्यांचें झालें असलें कीं या प्राण्यांचें काम सोपें होतें, हेंही विसरूं नये. दोन शेतांमध्यें उरलेल्या झुडपांच्या अरुंद पट्ट्यांत सर्व घरटीं एकवटलीं, म्हणजे तो पट्टा एकदां हुंगला कीं त्यांचें काम होतें. चौथें कारण दैवाधीन आहे. जूनमधील थंड पावसाची झड पिलांस सोसत नाहीं. यावर उपाय नाहीं. परंतु म्हणूनच ज्या कारणांवर उपाय आहे तीं सोडूं नयेत.

या ठिकाणीं शेतकऱ्यांकडून दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते अनादरानें बाजूस सारण्यासारखे नाहींत. पहिला असा कीं टर्की पीक खातो, मग त्याची तरतूद आम्हीं कां करावी? इंडियाना राज्यांत पर्ड्यू विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं मका व सोयाबीन यांच्या शेतांत जाऊन या आक्षेपाची शहानिशा केली. नुकसान बहुतेक सर्व हरणांचें व रॅकूनचें निघालें. टर्कीचें मोजण्याजोगें नव्हतें. हरिण व रॅकून रात्रीं येऊन जातात, टर्की दिवसाउजेडीं पडलेले दाणे व किडे वेंचतांना दिसतो. म्हणून आळ त्याच्यावर येतो. चोर निराळा आणि धनी निराळा, असाच हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वैरण उशिरां कापली तर ती निबर होते, तिचा कस जातो, आणि गुरांच्या पोटांत तोटा होतो. हें अक्षरशः खरें आहे. पक्ष्यांसाठीं सर्व शेत जुलैपर्यंत राखा, असें सांगणारा मनुष्य गुरें पाळणारा नसावा. तथापि सर्व शेत राखण्याची जरूरीही नाहीं. बांधालगतचा व रानालगतचा पट्टा जुलैच्या मध्यापर्यंत ठेवावा. दरसाल आळीपाळीनें एक तुकडा राखावा. यंत्र कडेपासून आंत न फिरवितां मधून बाहेर फिरवावें, म्हणजे मादीस व पिलांस निसटून जाण्यास वाट राहील. आणि गुरांच्या उन्हाळी चराईसाठीं कांहीं क्षेत्रांत देशी गवतें लावावीं. उन्हाळ्यांत फेस्क्यू मंदावतें तेव्हां हींच गवतें जोमांत असतात. तेव्हां यांत गुरांचेंही हित आहे. यांतील पहिल्या तीन गोष्टींस दिडकी लागत नाहीं, किंवा फारच थोडी लागते.

राहिला खर्चाचा प्रश्न. ज्या पक्ष्याच्या शिकारीपासून बंदुकांचे कारखानदार, दुकानदार, खाणावळी व राज्य यांस पैसा मिळतो, त्याच्या पैदाशीचा खर्च मात्र शेतकऱ्यानें एकट्यानें सोसावा, हा न्याय नव्हे. अमेरिकेंत १९३७ च्या कायद्यान्वयें बंदुका व काडतुसें यांवरील कराचें उत्पन्न वन्यजीवांच्या कामासाठीं राज्यांस वांटलें जातें. १९८५ च्या शेतकी कायद्यानें, धूप होणाऱ्या जमिनी दहा ते पंधरा वर्षें गवताखालीं ठेवणाऱ्या शेतकऱ्यांस दरसाल भाडें देण्याची योजना सुरू झाली. या योजनेंत २००७ सालीं देशभर साडेतीन कोटींहून अधिक एकर जमीन होती; पुढें धान्याच्या किंमती चढल्या, आणि त्यांतील पुष्कळशी जमीन पुन्हां नांगराखालीं गेली. याबद्दल शेतकऱ्यास बोल लावणें व्यर्थ आहे. नांगरास जास्त व गवतास कमी मिळत असेल, तर जमीन नांगराखालींच जाणार. ज्यास पक्षी हवे आहेत त्यानें गवताचा दर वाढवावा.

तेव्हां मिसूरीच्या प्रश्नांत आमचें मत थोडक्यांत असें आहे. वसंतांतील नरांची शिकार योग्य काळीं व मर्यादेनें केली असतां तींत गैर कांहीं नाहीं. उलट तिच्यामुळेंच लोकांस हा पक्षी राखण्याची ओढ राहिली आहे. परंतु खाजगी जमिनीवर दिवसभर शिकारीची जी मोकळीक २०२४ पासून मिळाली, तिला तेथील जमीनधारकानें आपला लाभ समजूं नये. ती त्याच्यावर टाकलेली जबाबदारी समजावी. कायद्यानें आंखलेली एक वाजण्याची रेघ पुसली गेली असेल, तर ती त्यानें आपल्या बांधावर स्वतः आंखावी. ज्या सालीं आपल्या शिवारांत पिलें दिसलीं नाहींत, त्याच्या पुढील वसंतांत परवानगी देतांना हात आंखडावा. आणि शिकाऱ्यास परवानगी देतांनाच त्यास विचारावें कीं, एप्रिलमध्यें माझ्या जमिनीवर नर मारावयास येणारा तूं, उन्हाळ्यांत माझा राखलेला पट्टा तणांपासून सांभाळण्यास येशील काय? ज्या पिकाचें फळ दोघांस हवें त्याची मशागतही दोघांनीं करावी.

आपल्या देशाशीं याचा संबंध काय, असें कोणी विचारील. शिकारीच्या बाबतींत कांहीं नाहीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याच्या पुढील दुरुस्त्या यांमुळें आपल्याकडे रानपक्ष्यांची शिकार बंद आहे, आणि ती तशीच राहावी. परंतु बंदूक बंद केली कीं काम संपलें, असें मानण्याचें फळ आपणही भोगीत आहों. सोलापूर व नगर जिल्ह्यांतील माळांवर माळढोकासाठीं १९७९ सालीं ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. माळढोकही टर्कीसारखाच मोठा पक्षी, जमिनीवरच अंडें घालणारा. मात्र मादी बहुधा एकच अंडें घालते. या विस्तारांत शेतकऱ्यांच्या मालकीच्या जमिनी फार मोठ्या प्रमाणावर आल्या, त्यांच्या व्यवहारांवर निर्बंध आले, आणि पक्षी म्हणजे आपल्या जमिनीवरचा बोजा, अशी भावना कित्येक गांवांत रुजली. पुढें अभयारण्य सुमारें १,२०० चौरस किलोमीटरपर्यंत आंखडण्यांत आलें. दरम्यान माळ नांगरले गेले, कालवे व विहिरी यांनीं पिकें बदललीं, आणि नान्नजच्या अलीकडच्या गणनांत माळढोक एखाददुसराच आढळला आहे. मिसूरींत पक्षी सोडण्यापूर्वीं जमीनधारकाचा कल पाहात. आपल्याकडे नकाशा आधीं झाला आणि जमीनधारकाची आठवण मागाहून झाली. दोन्ही ठिकाणच्या फळांतील अंतराचें हेंच एकमेव कारण आहे असें आम्ही म्हणत नाहीं, पण हें एक मोठें कारण आहे यांत आम्हांस शंका नाहीं.

माळढोकाची गोष्ट सरकारची म्हणून सोडून दिली, तरी तितर, लावा, टिटवी व मोर हे तर प्रत्येकाच्या शिवारांत आहेत, आणि यांपैकीं प्रत्येकाचीं अंडीं जमिनीवरच असतात. टिटवीचीं अंडीं कोठें आहेत हें पाहून पावसाचा अदमास बांधणारा आपला शेतकरी तीं अंडीं नांगराखालीं जाऊं देतो, हें विसंगत दिसतें. तितर वाळवी व किडे खातो. तो बांधावर असणें हें शेताच्या हिताचेंच आहे. यास्तव आमच्या सभासदांस आमची विनंती इतकीच कीं, बांधावरचें गवत व झुडूप सरसकट जाळूं नये; वैरण कापतांना मजुरांस कडेचा हातभर पट्टा सोडण्यास सांगावें; घरटें आढळल्यास तेवढी जागा सोडून कापावें; आणि आपल्या शिवारांत कोणत्या महिन्यांत किती पिलें दिसलीं याची टीप पिकाच्या वहींतच एका कोपऱ्यांत ठेवावी.

ही शेवटची सूचना क्षुल्लक वाटेल. पण मिसूरीच्या साऱ्या वादांत खरी गोष्ट उघडकीस आणली ती अशाच टिपणांनीं. मारलेल्या नरांचा आंकडा उत्पन्नाचा हिशेब सांगतो, मादीमागें जगलेल्या पिलांचा आंकडा भांडवलाचा. उत्पन्न वाढत असतांही भांडवल घटूं शकतें, हें शेतकऱ्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक असणार! जमिनीचा कस असो कीं रानांतला पक्षी असो, त्याच्या भांडवलाची वही जमीनधारकानेंच लिहावयाची असते. ती त्यानें कोरी ठेविली, तर कायद्याच्या पुस्तकांत कितीही कलमें असलीं तरी तीं तिची जागा भरून काढूं शकणार नाहींत.